यादीतून नाव काढून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

घर सोडलं तेव्हा मालकांनी अनामत रक्कम अडवली. रंग उडालाय, नळ बदलावे लागतील, अशी रोज नवी कारणं. लेखी मागणी केली, तर उत्तरच नाही. मग नवीन घर बघताना ठरत आलेली बोलणी ऐन वेळी मोडायला लागली. शेवटी एका घरमालकीणबाईंनी मोबाइल माझ्यापुढे धरला. भाडं बुडवणाऱ्यांची जाहीर यादी होती ती. त्यात माझं नाव, फोन नंबर, नोकरीचं ठिकाण आणि ओळखपत्राचा फोटो! फोटोवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'फक्त भाडेकरारासाठी'. ती सही केलेली झेरॉक्स मी एकाच माणसाला दिली होती.

माझं एकाही महिन्याचं भाडं थकलेलं नाही, बँकेचं स्टेटमेंट आहे. पण यादी चालवणाऱ्याने ना मला विचारलं, ना मालकांकडे पुरावा मागितला. मी आक्षेप पाठवल्यावर फोन आला: 'पडताळणी शुल्क' भरा, नाव काढतो. डोक्यावर छप्पर हवं होतं, पैसे भरले. नाव निघालं. काही आठवड्यांत दुसऱ्या एका यादीत तोच मजकूर, आडनावातली तीच चूक, आणि पैसे भरायचं खातंही तेच. म्हणजे बदनामी करणारा आणि ती पुसून देणारा एकच.

बुडवे भाडेकरू असतात, लुबाडणारे मालकही असतात, हे मी नाकारत नाही. दुसऱ्याचं घर स्वतःचं सांगून अनामत घेऊन पसार होणारे तर सर्रास आहेत. त्यांची माहिती लोकांना मिळायलाच हवी. पण आरोप तपासणार कोण? इंग्लंडमध्ये 2018 साली नाठाळ घरमालकांची सरकारी नोंद सुरू झाली ती न्यायालयात दोषी ठरलेल्या किंवा पुन्हा पुन्हा दंड झालेल्या मालकांसाठी, आणि ती बघायचा अधिकारही फक्त सरकारी यंत्रणेला होता. ऑस्ट्रेलियात भाडेकरूचं नाव नोंदवण्याआधी त्याला कळवावं लागतं आणि साधारण तीन वर्षांनी नोंद काढावी लागते. अमेरिकेत 1970 च्या कायद्यानुसार भाडेकरूंची माहिती विकणाऱ्या कंपनीला, हरकत आल्यावर साधारण 30 दिवसांत फेरतपासणी करावी लागते. माझं नाव ज्या यादीत होतं तिथे यातलं काहीच नव्हतं.

मैत्रीण म्हणाली, तूही मालकांचं नाव लुबाडणाऱ्या घरमालकांच्या यादीत टाक. मी टाकलं नाही. त्याच नावाच्या भलत्याच माणसाला त्रास झाला तर? आणि माझं भांडण अनामत रकमेचं आहे, त्यांच्या घरच्यांचे फोन वाजायचं कारण नाही.

तुमचं नाव असं कुठे दिसलं, तर आधी तारीख आणि त्या पानाची लिंक दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. एक पैसाही भरू नका. भरलेच असतील तर व्यवहाराचा तपशील जपा. माहिती कोणी दिली आणि कशाच्या आधारावर, हे लेखी विचारा. ओळखपत्र उघड झालं असेल तर सायबर गुन्ह्याची तक्रार करा. भाड्याच्या पावत्या आणि ताबा देतानाचे घराचे फोटो हाताशी ठेवा. मी तक्रारीसोबत दोन्ही यादींचे स्क्रीनशॉट आणि तो खातेक्रमांक जोडलाय. अनामत रकमेसाठी वेगळा दावा लावलाय.