टंगस्टनच्या नावाखाली शिसं आणि फ्लुरोकार्बनच्या नावाखाली नायलॉन

बास या गोड्या पाण्यातल्या माशाच्या गळ-स्पर्धांसाठी हलक्या जिग (धातूचं वजनदार डोकं असलेले गळ) आणि वर्म (मऊ प्लॅस्टिकचे किडे) यांचा तयार फिनेस सेट, म्हणजे बारीक, हलक्या सामानाचा सेट, ऑनलाइन विकणाऱ्या एका माणसानं मला फसवलं. त्याचं नाव इथे देत नाही, पण त्याची पद्धत सगळी सांगतो. असले विक्रेते नाव बदलून तोच माल पुन्हा काढतात, आणि हंगामाच्या तोंडावर नवे स्पर्धक नेमके असेच सेट शोधत असतात.

जाहिरातीत पाव आणि तीन-अष्टमांश औंसाच्या टंगस्टन फिनेस जिग होत्या, त्याच मापाची टंगस्टनची बुलेट वजनं (बंदुकीच्या गोळीच्या आकाराची), शेकी हेडसाठी (वर्म लावायच्या साध्या जिगसाठी) शेपूट वर उचलणारे वर्म, आणि लीडरसाठी, म्हणजे गळाकडच्या शेवटच्या तुकड्यासाठी, 8 पाउंड ताण सोसणारी 'शंभर टक्के' फ्लुरोकार्बन लाइन. सोबत वजनकाट्याशेजारी मासे धरलेले फोटो. यादी जाणकारानं केलेली होती, यात शंका नाही. पाणी नितळ आहे, हवा पडली आहे, रोज बोटी फिरून मासे बिथरले आहेत, अशा वेळी माणूस हेच सामान बाहेर काढतो.

मोठ्या आमिषावर बास घाव घालतो, तेव्हा रॉडला हिसका बसतो. फिनेस जिगवर तसं होत नाही. लाइन नुसती जड वाटते, किंवा हळूच बाजूला सरकते. त्यामुळे मासा सुटला की पहिला दोष हाताला लागतो: उशिरा ओढलं, ढिलं धरलं, गाठ नीट बसली नाही. या विक्रेत्याचा सगळा धंदा याच सवयीवर उभा आहे. लाइन तुटत होती, तेव्हा त्याचं उत्तर तयार होतं, 'पालोमार गाठ (गळ बांधायची गाठ) आवळण्याआधी ओली करत नसाल.' गाठ मी ओलीच करतो. मग त्यानं त्याच लाइनला भरलेली बादली टांगल्याचा व्हिडिओ पाठवला. लाइन तुटली नाही. पण ती कोरडी होती, आणि सगळी मेख तिथेच होती. नायलॉन पाणी पितं, आणि भिजलं की त्याची ताकद कमी होते, ते जास्त ताणलं जातं. फ्लुरोकार्बन पाणी जवळजवळ पीतच नाही. तीच लाइन रात्रभर भिजवून ओढली, तर ती रबरासारखी ताणली गेली आणि लिहिलेल्या ताकदीच्या बरीच आधी तुटली.

खात्री करायला मिठाचं पाणी पुरतं. फ्लुरोकार्बनची घनता 1.78 च्या आसपास, नायलॉनची सुमारे 1.14. साध्या पाण्यात दोन्ही बुडतात, म्हणून तिथे डोळा फसतो. पण मीठ विरघळायचं थांबेपर्यंत टाकत गेलं की पाण्याची घनता 1.2 पर्यंत जाते. लाइनचे बोटभर तुकडे कापायचे, बोटांनी चोळून ओले करायचे, कारण हवेचे बुडबुडे चिकटले तर खरा तुकडाही वर राहतो, आणि मग तळाशी दाबून सोडायचे. माझ्याकडच्या जुन्या, खात्रीच्या रिळातला तुकडा तळाला पडून राहिला. सेटमधल्या लाइनचे सगळे तुकडे एकामागून एक वर आले. फ्लुरोकार्बनचा पातळ मुलामा दिलेली नायलॉन लाइनही बाजारात असते आणि ती तशी सांगून विकली तर काहीच हरकत नाही. इथे डब्यावर 'शंभर टक्के' छापलेलं होतं.

टंगस्टनची गोष्ट याहून वाईट. बोटीत जोडीदाराची तीन-अष्टमांश औंसाची जिग आणि माझी शेजारी ठेवली, तर माझं डोकं डोळ्यांना दिसण्याइतकं मोठं. वजन मात्र सारखंच. टंगस्टनचे पैसे आपण मोजतो ते याचसाठी: तेवढ्याच वजनात लहान आकार, आणि कडक धातू असल्यामुळे तळाला खडी आहे की चिखल हे बोटाला कळतं. शिसं मऊ, ते हा निरोप गिळून टाकतं. घरी येऊन रंग खरवडला आणि चाकूचं पातं टेकवलं. पातं आत गेलं, चकचकीत करड्या धातूची साल वळून निघाली. टंगस्टनवर चाकू नुसता घसरतो.

ज्यांना चाकू लावायचा नाही त्यांनी बुलेट वजन पाण्यात तोलून बघावं. दागिने तोलायच्या, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवा, आकडा शून्य करा, वजन दोऱ्यानं पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल तेवढं त्याचं आकारमान. कोरड्या वजनाला त्यानं भागलं की घनता मिळते. चांगल्या टंगस्टन वजनात ती 17 ते 18 येते, शुद्ध टंगस्टनची 19.3 असते. माझी 11 च्या थोडी वर आली. शिशाची 11.3. जिगवर हा हिशेब लावू नका, गळ आणि स्कर्टमुळे (जिगभोवतीच्या झालरीमुळे) आकडा बिघडतो.

गळांचं थोडक्यात सांगतो. फिनेस जिगला बारीक तारेचा गळ लागतो, नाहीतर हलक्या स्पिनिंग रॉडनं तो माशाच्या जबड्यात रुततच नाही. पण बारीक म्हणजे मऊ नव्हे. पक्कडीनं जरा वाकवून सोडलेला चांगला गळ परत जागेवर येतो. यांचे वाकले ते वाकलेलेच राहिले. वर्मही तसेच: बादलीत शेकी हेडवर लावून सोडले तर शेपूट उभी राहायच्या ऐवजी तळाशी आडवी पडत होती.

तक्रारीनंतर पैसे देवघेवीच्या सेवेनं लाइनचे पैसे परत मिळवून दिले, कारण डब्यावरचा मजकूर आणि मिठाच्या पाण्याचा व्हिडिओ दोन्ही मी जोडले होते. जिगच्या बाबतीत 'वापरलेला माल परत घेत नाही' एवढं एक उत्तर आलं आणि मग संपर्क तुटला. आता कुठल्याही नव्या विक्रेत्याकडे मी आधी पाण्यात तोललेल्या वजनाचा व्हिडिओ मागतो. खरा माल असणारे त्याच दिवशी पाठवतात.

ज्यांनी असा स्वस्त टंगस्टन सेट घेतला आहे त्यांना एक घाईची सूचना. काही ठिकाणी लहान शिशाच्या वजनांवर कायद्यानं बंदी आहे, कारण ती गिळून लूनसारखे पाणपक्षी विषबाधेनं मरतात. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये एक औंस किंवा त्याहून हलक्या शिशाच्या जिग आणि वजनं गोड्या पाण्यात वापरता येत नाहीत. पावतीवर टंगस्टन लिहिलेलं असलं तरी पाण्यात पडतं ते शिसंच. अशा तळ्यावर स्पर्धेला जाणार असाल, तर निघण्याआधी सेटमधल्या प्रत्येक मापाचं एकेक वजन तरी चाकूनं खरवडून बघा, आणि शिसं निघालं तर तो डबा बोटीत नेऊच नका.