लो-डोस नॅलट्रेक्सोन: कॅप्सूल बरी की पाण्यात विरघळवलेली गोळी?

नॅलट्रेक्सोनची ५० मिग्रॅची गोळी मूळची व्यसनमुक्तीची. अमेरिकेत १९८४ मध्ये मंजूर झालेली. तिचाच ०.५ ते ४.५ मिग्रॅ इतका लहान डोस काही डॉक्टर फायब्रोमायल्जिया (अंगभर जुनाट दुखणं), क्रोन्स (आतड्यांचा दाह) यांसाठी लिहून देतात. या वापराला तिथेही मंजुरी नाही, त्यामुळे रुग्णापुढे दोनच वाटा: कंपाउंडिंग फार्मसीने (मागणीनुसार औषध बनवून देणाऱ्या दुकानाने) भरलेली कॅप्सूल किंवा ५० ची गोळी विरघळवणं. तुकडे करण्याच्या फंदात पडू नये. आठवा भागसुद्धा ६.२५ मिग्रॅ भरतो.

कॅप्सूल बरी, पण ‘सस्टेन्ड रिलीज’ (औषध हळूहळू सोडणारी) नको. ओपिऑइड रिसेप्टर (अफूसारखी औषधं पेशीवर जिथे चिकटतात त्या जागा) काही तासच अडवायचे, मग शरीर स्वतःची एंडॉर्फिन्स आणि मेट-एन्केफॅलिन ही अफूसारखीच नैसर्गिक द्रव्यं वाढवतं व ती रोगप्रतिकारक पेशींवर काम करतात, असा यामागचा तर्क. औषध दिवसभर झिरपत राहिलं तर त्यालाच सुरुंग. (दुसरा तर्क असा की मेंदूतल्या मायक्रोग्लिया या संरक्षक पेशींवरचा टीएलआर-४ हा दाह चेतवणारा रिसेप्टर औषध अडवतं. दोन्ही अजून तर्कच.)

द्रावण स्वस्त पडतं आणि डोस हळूहळू वाढवायला सोयीचं, मात्र डॉक्टर-फार्मासिस्टला विचारूनच. एक गोळी, ५० मिली पाणी, म्हणजे १ मिलीत १ मिग्रॅ. घोळ होतो तो मोजताना. ५ मिलीच्या सिरिंजवर रेघा साधारण ०.२ च्या, त्यामुळे ०.५ मिली नेमका दोन रेघांच्या मधे येतो; सुरुवातीला सुई नसलेली १ मिलीची घ्या. इन्सुलिनची सिरिंज नकोच, तिच्यावर मिली नाही, युनिट मोजतात: यू-४० (१ मिलीत ४० युनिट) वर अर्धा मिली म्हणजे २० युनिट, यू-१०० वर ५०. तळाशी बसतो तो मुख्यतः गोळीतला भराव; औषध पाण्यात उतरलेलं असतं. तरी हलवूनच घ्या. चव कडूजहर.

रात्री विचित्र स्वप्नं पडली तर डॉक्टरांना विचारून सकाळी घ्या. ट्रामाडॉल, टॅपेन्टाडॉल किंवा कोडीनचं कफ सिरप अशी ओपिऑइड (अफूच्या जातीची) औषधं चालू असतील तर हे औषध बंद बाटलीतच राहू द्या: ओपिऑइड थांबवून किमान ७ ते १० दिवस जायला हवेत, नाहीतर विथड्रॉवल (ओपिऑइड अचानक तुटल्याचा त्रास) ओढवतो. ऑपरेशन ठरलं तर भूलतज्ज्ञांना आधी सांगा.

गुण येतो का? स्टॅनफर्डच्या छोट्या चाचण्यांत फायब्रोमायल्जियाचं दुखणं कमी झालं होतं. २०२४ च्या डॅनिश चाचणीत ९९ स्त्रियांना १२ आठवडे ६ मिग्रॅ किंवा प्लासिबो (औषध नसलेली नकली गोळी) दिला. दुखण्यात ठोस फरक दिसला नाही. पूर्ण डोसवर तीन महिन्यांत काहीच जाणवलं नाही, तर पुढची बाटली घेऊ नका.