एएफची धडधड: रात्रीची बट्टी, चहा, दारू की पित्त? आधी कशावर हात घालायचा?

माझी धडधड रात्री अकराच्या पुढे सुरू होते. धाकट्या भावाची सुरू होते ती कुणाच्या तरी लग्नाहून परतल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी. आजार एकच, एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय सुटणं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नुसतं 'एएफ'. मी भुसावळला, तो शिरपूरला. पहिल्यांदा झालं तेव्हा त्याने फोनवर सांगितलं होतं, "ताई, छातीमा कबुतर फडफडी ऱ्हायनं." त्याहून नेमकं वर्णन मी कुठे वाचलेलं नाही.

दोघांनी सगळ्यात आधी सोडला तो चहा. ज्याने-त्याने तेच सांगितलं होतं. चार महिने बिनचहाचे काढले, फडफड होती तिथेच होती. आपल्या फडफडीच्या खेपा कशाने येतात हे ज्यांना ठरवायचं आहे, त्यांचे तसे चार महिने वाचावेत म्हणून आमच्या घरातला अनुभव आणि डॉक्टरांकडून, वाचनातून कळलेलं शेजारी-शेजारी मांडते आहे. एक आधीच सांगते: खाण्यापिण्याने खेप सुरू होऊ शकते, पण आजाराचं मूळ बहुतेकदा दुसरीकडे असतं. रक्तदाब, थायरॉईड, वजन, झोपेत श्वास अडकणं, लहानपणी सांधेतापाने खराब झालेली झडप. हे तपासून झालेलं नसेल तर ताटाकडे नंतर वळा.

रात्रीचं जड जेवण

माझ्या बाबतीत उत्तर इथे सापडलं, म्हणून इथेच जरा रेंगाळते. हृदयाचा डावा वरचा कप्पा अन्ननलिकेला जवळजवळ चिकटून असतो, आणि जठर श्वासपटलाच्या लगेच खाली. पोट तुडुंब भरलं, गॅस धरला, की श्वासपटल वर रेटलं जातं. शिवाय मेंदूपासून हृदयाकडे आणि पुढे पोटाकडे जाणारी व्हेगस नावाची नस पचनाच्या वेळी जोरात काम करते आणि हृदयाची गती मंदावते. काही माणसांत नेमक्या अशा मंद, निवांत वेळी वरच्या कप्प्यांची लय सुटते: जेवणानंतर, झोपेत, पहाटे. फ्रान्सचे डॉक्टर फिलिप क्युमेल यांनी एएफचा हा प्रकार वेगळा ओळखून मांडला. जिना चढताना काही होत नाही आणि आडवं झाल्यावर सुरू होतं, अशी तक्रार असेल तर ती डॉक्टरांना मुद्दाम सांगा. गोळी कोणती द्यायची याचा विचार करताना त्यांना तिचा उपयोग होतो.

आता आपल्याकडचं रात्रीचं जेवण डोळ्यांसमोर आणा. वरण-बट्टी, बट्टी तुपात बुडवलेली. नाहीतर शेवभाजी, वर बोटभर तर्री. हिवाळ्यात शेतातली भरीत पार्टी, तीही साडेनऊला सुरू होणारी. तेल-तूप जास्त असलं की जठर उशिरा रिकामं होतं. अकराला गादीवर पाठ टेकली तेव्हा ती बट्टी अजून पोटातच असते.

मी बट्टी सोडली नाही. ती दुपारी साडेबाराला खायला लागले, रात्री कळण्याची अर्धी भाकरी आणि पातळ भाजी, तीही साडेसातच्या आत. जेवण आणि झोप यांत तीन तास. डाव्या कुशीवर झोपल्यावर मला फडफड जाणवायची, म्हणून उजवीकडे वळले तर पित्त वर यायला लागलं, कारण पित्तासाठी डावी कूस बरी असते. शेवटी पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवल्या, तेव्हा दोन्ही सुटलं. आधी महिन्याला तीन-चार खेपा यायच्या. बदल केल्यानंतरच्या सहा महिन्यांत दोन आल्या, आणि त्यातली एक आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) मांडे-आमरसानंतरची, रात्री दहाला जेवले होते तेव्हाची. हा माझा एकटीचा हिशेब आहे, याला पुरावा म्हणू नये. पण या बदलाला पैसा लागत नाही, अपाय नाही, आणि फरक पडतो की नाही ते सहा-आठ आठवड्यांत अंदाजाने कळतं.

दारू

पुराव्याच्या तागडीत हीच बाजू सगळ्यात जड आहे. सुट्टीत भरपूर पिऊन लय बिघडलेल्या रुग्णांवरून अमेरिकेत १९७८ मध्ये 'हॉलिडे हार्ट' हे नाव पडलं. पुढे ऑस्ट्रेलियात आठवड्याला दहा किंवा त्याहून जास्त पेग घेणाऱ्या १४० एएफ रुग्णांना दोन गटांत विभागलं. एका गटाला दारू सोडायला सांगितली, दुसऱ्याला नेहमीसारखं चालू द्यायला. सहा महिन्यांत पिणाऱ्यांपैकी ७३ टक्क्यांना एएफ परत आला, सोडणाऱ्यांपैकी ५३ टक्क्यांना. हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या २०२१ च्या एका अभ्यासात रुग्णांच्या अंगावर ईसीजी आणि दारू मोजणारा सेन्सर दोन्ही लावले होते. एक पेग घेतल्यानंतरच्या चार तासांत खेप येण्याची शक्यता दुपटीने वाढली, दोन किंवा जास्त घेतल्यावर तिपटीहून अधिक.

भाऊ म्हणायचा, मी काय रोज घेतो? रोजचा प्रश्नच नव्हता. महिन्यातून दोन लग्नं, प्रत्येक लग्नात चार पेग, वर मटण, वर जागरण. बिअर आहे, देशी आहे की मोहाची, याने वरच्या कप्प्यांना फरक पडत नाही. घरात कुणी पीत असेल आणि एएफ असेल, तर बाकीची यादी बाजूला ठेवून आधी हेच बंद करून बघा. मी इथे समतोल राखत बसणार नाही. रोज भरपूर घेणाऱ्याने मात्र एकदम तोडू नये, अंगाला कंप सुटून जीवावर बेतू शकतं. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावं.

चहा-कॉफी

सगळ्यात जास्त बदनाम आणि सगळ्यात कमी दोषी. रुग्णांना स्वतःवर प्रयोग करून आपलं कारण शोधायला लावणाऱ्या एका अमेरिकी अभ्यासात सगळ्यात जास्त जणांनी संशयित म्हणून चहा-कॉफीतलं कॅफिन निवडलं होतं. निकालात कॅफिनचा संबंध दिसला नाही, दारूचा दिसला. २०२५ मध्ये आलेल्या दुसऱ्या अभ्यासात शॉक देऊन लय जागेवर आणलेले २०० रुग्ण होते. रोज किमान एक कप कॉफी घेणाऱ्यांपैकी ४७ टक्क्यांना सहा महिन्यांत लय बिघडल्याचा त्रास परत झाला, सोडणाऱ्यांपैकी ६४ टक्क्यांना. म्हणून कुणी मुद्दाम कॉफी सुरू करावी असं नाही, आणि एनर्जी ड्रिंकच्या डब्यांना हा निकाल लागूही होत नाही. पण दोन-तीन कप चहाने तुम्हाला काही होत नसेल तर तो सोडून तुमचं भलं होईल याला आधार नाही. मी आता सकाळी आणि चार वाजता घेते. उपाशीपोटी घेतला की पित्त होतं, म्हणून सोबत दोन बिस्किटं.

पित्त, गॅस, तिखट

इथे चित्र धूसर आहे. पित्त वर येणाऱ्यांत एएफ जास्त दिसतो, पण पित्त आणि एएफ या दोन्हींच्या मागे बहुतेकदा सुटलेलं पोट आणि घोरणं असतं, त्यामुळे कोण कुणाला ओढतंय ते सांगता येत नाही. जळजळ झाली की फडफड होते, असं वारंवार घडत असेल तर पित्तावर महिनाभर नीट उपचार करून बघणं रास्त आहे. ठेचा किंवा काळा मसाला थेट लय बिघडवतो याला पक्का पुरावा नाही. ठेच्याने तुम्हाला पित्त होत असेल तरच तो तुमच्या यादीत येतो.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या पित्ताच्या गोळ्या, ज्यांच्या नावाच्या शेवटी 'प्राझोल' असतं, त्या वर्षानुवर्षं घेतल्या तर रक्तातलं मॅग्नेशियम उतरू शकतं, आणि ते उतरलं की लय बिघडायला वाट मिळते. आपल्याकडे या गोळ्या मेडिकलमधून न विचारता आणून वर्षं-वर्षं घेणारे घरोघरी आहेत. तुम्ही त्यातले असाल तर मॅग्नेशियम आणि पोटॅशियमची तपासणी करून घ्या.

पाणी, घाम आणि क्षार

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. घाम, त्यात जुलाब-उलट्या, त्यात रक्तदाबासाठी घेतलेली लघवीची गोळी, असं तिन्ही जमलं तर पोटॅशियम झपाट्याने घसरतं, आणि त्यानेही लय बिघडते. अशा वेळी ओआरएस घ्या आणि डॉक्टरांना फोन करून लघवीची गोळी त्या दिवशी घ्यायची का ते विचारा. रावेर-यावलच्या आपल्या केळ्यात १०० ग्रॅमला साधारण ३५० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. रोज एक-दोन केळी चांगलीच, पण मूत्रपिंड कमजोर असेल किंवा पोटॅशियम वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय नको. घसा बसला म्हणून रोज ज्येष्ठमध चघळणाऱ्यांनीही सांभाळावं, त्याने पोटॅशियम कमी होतं. फ्रीजमधलं गार पाणी एका दमात घशाखाली गेलं की काहींची लय सुटते. उन्हातून आल्यावर माठातलं पाणी घोट-घोट प्या, एवढंच.

मग आधी काय?

पीत असाल तर दारू. नसाल आणि खेपा रात्री येत असतील तर जेवणाची वेळ आणि आकार. वजन जास्त असेल तर तेही सोबतच. ऑस्ट्रेलियातल्याच एका अभ्यासात १० टक्के किंवा जास्त वजन उतरवून ते टिकवणाऱ्यांची लय इतरांपेक्षा कितीतरी जास्त काळ जागेवर राहिली. चहा सगळ्यात शेवटी. एका वेळी एकच बदल करा आणि वहीत चार गोष्टी लिहा: किती वाजता सुरू झालं, त्याआधीच्या सहा तासांत काय आणि किती खाल्लं-प्यायलं, आडवं कधी झालात, किती वेळ टिकलं. जमलं तर फडफड चालू असतानाच जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढून घ्या. नंतर काढलेला बहुतेकदा नॉर्मल येतो.

रक्त पातळ करणारी गोळी या सगळ्याच्या बाहेर आहे. धडधड थांबली म्हणून ती थांबवायची नाही. एएफमुळे लकव्याचा धोका साधारण पाचपट होतो आणि ती गोळी त्यासाठी असते. वॉरफरिन किंवा अ‍ॅसिट्रॉम चालू असेल तर मेथी, पालक बंद करू नका. दर आठवड्याला साधारण सारखीच खा, एकदम वाढवू किंवा तोडू नका. रिव्हारोक्साबॅनची १५ किंवा २० मिलिग्रॅमची गोळी जेवणाबरोबरच घ्यायची असते, रिकाम्या पोटी ती अंगात नीट उतरत नाही. माझी तीच आहे. एकादशीला मी ती नुसत्या पाण्याबरोबर गिळायचे, आता साबुदाण्याच्या खिचडीबरोबर घेते.

छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं, बोबडं बोलणं, यातलं काहीही झालं तर वही बाजूला ठेवून १०८ ला फोन करा.

भावाने गेल्या मार्गशीर्षापासून दारू घेतलेली नाही. त्याच्या वहीत तेव्हापासून दोनच नोंदी आहेत. दोन्ही रात्रीच्या, दोन्ही वरण-बट्टीनंतरच्या. परवा मी त्याला विटा कशा लावायच्या ते सांगितलं.