बाटलीसोबत बॅचचा रिपोर्ट देणारं फोंड्यातलं विजया तेलाचं दुकान

गोव्यात फोंड्याच्या वरच्या बाजारात आयुर्वेदिक औषधांचं एक जुनं दुकान आहे. आईसाठी विजया तेल, म्हणजे भांगेच्या पानांचं आयुर्वेदिक औषध, मी तिथूनच आणते. वैद्यांनी हे औषध लिहून दिलं असेल आणि कुठून घ्यावं असा प्रश्न असेल, तर आमच्या भागात मी याच दुकानाचं नाव घेईन. मी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीच्या क्यूसीत, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या विभागात, काम करते. बॅच नंबर, लिमिट, रिझल्ट, सही हेच कागद दिवसभर माझ्या हाताखालून जात असतात, त्यामुळे दुकान तपासायची माझी रीत थोडी वेगळी आहे. काउंटर किती चकाचक आहे ते मी बघत नाही, कागद मागते.

हे गांजाचं दुकान नव्हे, हे आधीच सांगते. नाव काढलं की निम्मे लोक हसतात आणि निम्मे आवाज खाली आणतात, म्हणून सांगावं लागतं. अमली पदार्थांच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्याप्रमाणे गांजा आणि चरस बाळगणं, विकणं, ओढणं हा गोव्यातही गुन्हाच आहे. किलोच्या आत गांजा सापडला तरी वर्षभरापर्यंत सक्तमजुरी, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मात्र त्याच कायद्याच्या व्याख्येत झाडाचा फुलोरा आणि राळ येते, शेंड्याविना नुसती पानं आणि बी येत नाहीत. त्या पानांचं औषध आयुर्वेदात विजया म्हणून पूर्वापार चालत आलं आहे. औषध नियमांच्या ई-१ परिशिष्टात, विषारी द्रव्यांच्या यादीत, ते नोंदलेलं आहे. म्हणून पोटात घ्यायच्या अशा प्रत्येक औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे’ असा इशारा इंग्रजी आणि हिंदीत छापावा लागतो. तो नसेल तर बाटली घेऊ नका.

आईला दोन वर्षांपूर्वी नागीण झाली. फोड सुकले, खपल्या गेल्या, पण उजव्या बरगडीवर आग राहिली ती राहिलीच. ब्लाऊजचं कापड लागलं तरी ती कळवळायची. डॉक्टरांनी प्रीगॅबालिन हे नसांच्या दुखण्यावरचं औषध दिलं. त्याने आग थोडी कमी झाली, पण डोस वाढवला की तोल जायचा, आणि आमच्या घराला पायऱ्या आहेत. शेवटी डॉक्टरांना विचारूनच आम्ही वैद्यांकडे गेलो.

दुकानाची पुढची बाजू कुठल्याही आयुर्वेदिक दुकानासारखीच. दशमूलारिष्ट, च्यवनप्राश, तिळाचं तेल, बाळंतिणीचे काढे. आतल्या खोलीत संध्याकाळी वैद्यबाई बसतात. शिरोड्याच्या महाविद्यालयात शिकलेल्या, पन्नाशीच्या, बोलायला मोकळ्या पण विचारायला कडक. चिठ्ठी दुसऱ्या वैद्यांची असली तरी विजयाची बाटली त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय काउंटरवर येत नाही. मी चिठ्ठी पुढे केली तर त्यांनी ती वाचायच्या आधी मला खुर्ची दाखवली आणि विचारलं, “आईक रगत पातळ करपाची गुळी चालू आसा?”

हा प्रश्न ऐकला आणि माझा या दुकानावर विश्वास बसला. या झाडातलं सीबीडी नावाचं द्रव्य यकृतातल्या काही एन्झाइम्सचं काम मंदावतं. त्यामुळे वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी शरीरात साचते आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हाताऱ्या माणसांच्या घरात अशी गोळी असतेच असते, आणि ‘आयुर्वेदिक आहे, काही होत नाही’ म्हणून ती कुणी सांगत नाही. पुढे त्यांनी विचारलं: हृदयाचा त्रास? उठताना चक्कर? घरात कुणाला मानसिक आजार, भास होणं? प्रीगॅबालिन चालू आहे म्हटल्यावर त्या थांबल्या. दोन्हींनी गुंगी येते, एकत्र घेतली तर जास्त येते, म्हणून सुरुवात अगदी कमी, रात्री जेवणानंतर, आई झोपायच्या खोलीत गेल्यावरच. आणि सर्वांत महत्त्वाचं त्यांनी दोनदा सांगितलं: पोटात घेतलेल्या तेलाचा परिणाम दिसायला अर्धा तास लागेल, कधी दोन तासही लागतील. काही वाटत नाही म्हणून तेवढ्यात आणखी थेंब द्यायचे नाहीत. बहुतेकांची फजिती इथेच होते.

आता कागद. बाटली तपकिरी काचेची, तीस मिली, ड्रॉपरवाली. पुढे मोठ्या अक्षरांत ‘१५०० मिग्रॅ’ लिहिलंय. गिऱ्हाईक हा आकडा बघून ठरवतं, पण हे वजन सगळ्या अर्काचं. त्यात नशा आणणारं टीएचसी किती आणि सीबीडी किती, ते या आकड्यावरून कळत नाही, त्यासाठी त्या बॅचचा रिपोर्ट लागतो. दुकानात प्रत्येक बॅचच्या रिपोर्टची फाइल आहे. मी मागायच्या आधीच दुकानदार काकांनी फाइल उघडली, बाटलीवरचा बॅच नंबर आणि रिपोर्टवरचा नंबर बोटाने जुळवून दाखवला, आणि झेरॉक्स काढून बिलाला पिन केली. बिलावरही बॅच नंबर लिहिला. उद्या काही त्रास झाला तर कुठली बाटली होती हे शोधत बसावं लागणार नाही.

तो रिपोर्ट मी घरी ऑफिसच्या शिस्तीने वाचला. लॅब एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) मान्यता असलेली, म्हणजे प्रयोगशाळांच्या आयएसओ १७०२५ या मानकाप्रमाणे तपासली गेलेली, आणि बनवणाऱ्या कंपनीची स्वतःची नव्हे. पद्धत एचपीएलसी, म्हणजे नमुना न तापवता द्रवात घटक वेगळे करून मोजायची. हे पाहून मला बरं वाटलं. कारण पानात टीएचसी बहुतांशी आम्लाच्या रूपात, टीएचसीए म्हणून असतं आणि उष्णता लागली की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन टीएचसी होतं. गॅस क्रोमॅटोग्राफीत नमुना तापतो, त्यामुळे दोन्ही एकच दिसतात. एचपीएलसीत दोन्ही वेगळे मोजता येतात. रिपोर्टात दोन्ही ओळी वेगळ्या होत्या आणि एकूण टीएचसी काढताना टीएचसीएला ०.८७७ ने गुणलं होतं (कार्बन डायऑक्साइड गेल्यावर तेवढंच वजन उरतं), जसं गुणायला हवं तसं. एकूण आलं मिलीला १२ मिलिग्रॅम. आमच्या ड्रॉपरने मी मिली मोजला तर तीस थेंब भरले, म्हणजे थेंबाला ०.४ मिलिग्रॅम. आता आईला दोन थेंब देते तेव्हा मी तिला काय देतेय ते मला आकड्यात माहीत असतं.

खाली जड धातू. हे झाड मातीतले धातू ओढून घेणारं आहे. दूषित जमीन साफ करायला ते लावून पाहिलं गेलंय, चेर्नोबिलच्या परिसरातसुद्धा. औषधासाठी हाच गुण जोखमीचा, कारण कुठल्या जमिनीतली पानं आहेत ते बाटली बघून कळत नाही. आयुर्वेदिक औषधकोशाची मर्यादा शिसं १० पीपीएम (दहा लाख भागांत १० भाग), आर्सेनिक ३, पारा १, कॅडमियम ०.३ अशी आहे. रिपोर्टात चारही आकडे मर्यादेच्या बरेच खाली होते, आणि ‘आढळले नाही’ लिहिलं तिथे किती सूक्ष्म प्रमाणापर्यंत शोधलं तेही दिलं होतं. नुसतं ‘आढळले नाही’ हा निकाल नव्हे, आमच्या सेक्शनला असा कागद आला तर आम्ही परत पाठवतो. बुरशी आणि जिवाणूंची मोजणीही होती. आमच्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातली चप्पल बुरशी धरते, तिथे पानांच्या औषधाला हे तपासायलाच हवं. कॅन्सरची केमो चालू असलेल्या माणसाला बुरशी लागलेला माल जिवावर बेतू शकतो.

एक गोष्ट मात्र रिपोर्टात नव्हती: कीटकनाशकं. मी काकांना विचारलं. त्यांनी सारवासारव केली नाही, कंपनीला पत्र टाकलं म्हणाले, आणि पुढच्या बॅचच्या रिपोर्टात काही कीटकनाशकांच्या ओळी आल्या. यादी अजून अपुरी वाटते. ती वाढायला हवी आणि मी विचारत राहणार आहे.

याच्याआधी मी एका वेबसाइटवरून बाटली मागवली होती. लेबल देखणं, क्यूआर कोडही होता. तो स्कॅन केला की कंपनीचं मुखपृष्ठ उघडायचं. रिपोर्ट मागितला तर आठवड्याने पीडीएफ आली, तिच्यावर बॅच नंबर भलताच आणि तारीख माझी बाटली भरायच्या वर्षभर आधीची. चिठ्ठी कुणी मागितलीच नव्हती, दोन मिनिटांच्या फोनवर एका माणसाने ‘कन्सल्टेशन’ उरकलं आणि चालू औषधं विचारलीसुद्धा नाहीत. ती बाटली मी आईला दिली नाही.

आता लायसनबद्दल, कारण लोक इथे फसतात. ॲलोपॅथीच्या फार्मसीला विक्रीचं लायसन लागतं, तसं आयुर्वेदिक औषध विकणाऱ्याला वेगळं लागत नाही. लागतं ते बनवणाऱ्याला. तेव्हा दुकानाच्या पाटीवर नव्हे, बाटलीवर उत्पादन परवान्याचा नंबर शोधायचा. आणि म्हणूनच, कायद्याने सक्ती नसताना चिठ्ठी बघणारा, बॅच लिहून ठेवणारा, प्रश्न विचारणारा दुकानदार मला मोलाचा वाटतो. माझी मावसबहीण कॅनडात मिसिसागाला असते. तिथे १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर झाला. तिने मला परवानाधारक दुकानातल्या पाकिटाचा फोटो पाठवला होता: लाल चिन्ह, पिवळ्या चौकटीत इशारा, टीएचसी-सीबीडीचे आकडे, लॉट नंबर, पॅकिंगची तारीख, उत्पादन शुल्काचं तिकीट. तिथे हे सगळं सरकार करून घेतं. आपल्याकडे ते एका दुकानातले काका आपणहून करतात, आणि ते सगळ्या दुकानांना बंधनकारक व्हावं असं मला मनापासून वाटतं.

हणजुण्याच्या किनाऱ्यावर गांजा स्वस्तात मिळतो, तिथून का नाही, असं मला माझ्याच भाच्याने विचारलं. कायदा बाजूला ठेवला तरी त्या मालाला बॅच नाही, रिपोर्ट नाही, कशात काय मिसळलंय ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. २०१९ मध्ये अमेरिकेत टीएचसीच्या व्हेपने (ई-सिगारेटने) धडधाकट पोरं फुप्फुसं निकामी होऊन हॉस्पिटलात गेली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण दाखल झाले होते आणि ६८ दगावले होते. बहुतेक माल बेकायदा वाटांनी आलेला, आणि रुग्णांच्या फुप्फुसांतल्या द्रवात सापडलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट, तेल दाट करायला घातलेलं. भाच्याला मी हे आकडे दाखवले. तो गप्प बसून वाचत राहिला.

आईला गुण किती? आग गेलेली नाही. पण आता ती रात्री सलग झोपते, आणि डॉक्टरांनी प्रीगॅबालिन वाढवायचं टाळलंय. तोंडाला कोरड पडते, सकाळी उठल्यावर पाच मिनिटं पलंगावर बसून मगच उभी राहते. नसांच्या दुखण्यावर या औषधाचा फायदा अभ्यासांतही माफकच दिसतो, आणि वैद्यबाईंनी पहिल्याच दिवशी तसं सांगितलं होतं. चमत्काराचा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नाही.

तक्रारी आहेत. रिपोर्ट फक्त इंग्रजीत आणि अक्षर बारीक, आई काय, शिकलेल्या माणसालाही समजणार नाही. मराठीत किंवा कोंकणीत एक पान करून द्यायला काय हरकत आहे? मी करून देते म्हटलंय. बाटली दोन हजारांच्या वर जाते, पेन्शनवरच्या माणसाला ती झेपत नाही. गाडी लावायला जागा नाही, बाजाराच्या दिवशी तर मुळीच नाही. दुपारी एक ते साडेतीन बंद, रविवारी पूर्ण बंद.

कुणी गल्फला जाणार असेल तर ही बाटली बॅगेत घालू नका. चिठ्ठी, बिल, रिपोर्ट सगळं असलं तरी तिथे तुरुंगाची वेळ येऊ शकते, आणि काका हे प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतात, कारण फोंड्यात घराआड एक माणूस आखातात आहे. बाटली घरात अंधाऱ्या, थंड जागी ठेवा. उजेडाने आणि उष्णतेने टीएचसी मोडत जातं आणि रिपोर्टावरचा आकडा खरा राहत नाही. आमची कपाटात कुलुपाआड असते, घरात लहान पोरं येतात-जातात.

नवी बॅच आली की तिचा रिपोर्ट हातात पडेपर्यंत काका त्यातली एकही बाटली विकत नाहीत, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो. तेव्हा आधीची संपत आली की आठवडाभर आधी दुकानात फोन करून ठेवा, आणि पहिल्यांदा जाताना चिठ्ठीसोबत चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन जा. संध्याकाळी पाचनंतर गेलात तर वैद्यबाई भेटतात.