दारापाशीचा स्टँड की तळघरातलं पार्किंग?

आठवड्याची खरेदी मी सायकलवरच करतो. मागे कॅरिअरला दोन्ही बाजूंनी पिशव्या, पुढे बास्केट. मॉलमध्ये सायकल लावायला जागा तीन तऱ्हेच्या मिळतात: दारापाशी उघड्यावर जमिनीत रोवलेले स्टँड, तळघरात गाड्यांच्या शेजारी राखलेला कोपरा, आणि क्वचित कुठे बंद लॉकर. तिन्ही वापरून झाल्या आहेत, म्हणून लिहितो.

लॉकरचं आधी आटपतो. चोरीपासून बचाव म्हणाल तर त्याला तोड नाही. सायकल आत, दार बंद, दिवा आणि पंपसुद्धा काढायला नको. पण लॉकर मोजकेच असतात आणि गर्दीच्या दिवशी रिकामा सापडणं नशिबाचा भाग. शिवाय माझी बास्केट आत मावत नाही. साध्या हँडलची सायकल असेल आणि तुमच्या मॉलमध्ये लॉकर असतील, तर जरूर वापरा. माझ्यापुरता तो पर्याय तिथेच संपला.

खरी निवड उरते ती दार की तळघर. सुरुवातीला मी डोळे झाकून तळघर निवडलं होतं, आणि त्याला कारणंही होती. डोक्यावर छप्पर, त्यामुळे सीट ओली होत नाही, चेन गंजत नाही, उन्हाने टायर तापत नाहीत. फाटकावर गार्ड, खांबावर कॅमेरा. सायकल लावून वर गेलं की मन निश्चिंत असायचं. चार-पाच महिने हेच चाललं.

माझं मन बदललं ते परतीच्या वाटेवर.

रिकामी सायकल घेऊन उतरताना रॅम्प जाणवतच नाही. पण मागे दहा-बारा किलो सामान लादून तोच रॅम्प चढायला लागा. सगळं वजन मागच्या चाकावर येतं, पुढचं चाक हलकं पडतं आणि हँडल हातात डावी-उजवीकडे वळायला लागतं. एका हाताने हँडल सरळ धरायचं, दुसऱ्याने सीट रेटायची, आणि मागून गाडी आली की भिंतीला चिकटून उभं राहायचं. थांबलात की सायकल मागे घसरते, म्हणून ब्रेक आवळून धरायचा. गाड्यांचे रॅम्प साधारणपणे आठास एक (आठ फूट पुढे गेलं की एक फूट वर) किंवा दहास एक अशा चढाचे असतात. व्हीलचेअरसाठी बारास एक हा चढ सोसण्याजोगा धरतात, यावरून अंदाज येईल. लिफ्टने सायकल वर न्यायला आमच्याकडे परवानगी नव्हती. एकदा पावसात त्या रॅम्पच्या वळणावर पाय घसरला आणि सायकल पिशव्यांसकट आडवी झाली. मागच्या गाडीवाल्याने वेळेत ब्रेक दाबला. लागलं काही नाही, पण त्या दिवसानंतर मी तळघरात सहसा उतरलो नाही.

दोष तळघराचा आहे असं मात्र नाही. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट स्टेशनचं सायकल पार्किंगही जमिनीखालीच आहे. २०१९ मध्ये ते पूर्ण झालं आणि तिथे १२,५०० सायकली राहतात. पण तिथे सायकलींना स्वतःची वाट आहे आणि माणूस सायकलवर बसूनच थेट आपल्या रांगेपर्यंत जातो. आपल्याला मिळतो तो गाड्यांसाठी बांधलेला उतार आणि त्याच्या टोकाला उरलेला कोपरा. तुमच्या मॉलमध्ये सायकलींना वेगळा, सौम्य उतार असेल तर माझी ही सगळी तक्रार बाजूला ठेवा.

आता दारापाशी. इथे पाहायची पहिली गोष्ट म्हणजे स्टँड कसला आहे. नुसतं पुढचं चाक खाचेत अडकवायचा स्टँड असेल तर मी पुढे निघून जातो. त्यात सायकल चाकावर तोलली जाते. शेजारच्याचा धक्का लागला की सगळा ताण रिमवर येतो आणि रिम वाकते. कुलूपही फक्त चाकालाच लागतं. क्विक रिलीजचं, म्हणजे पान्याशिवाय हाताने सुटणारं चाक असेल तर चोर चाक तिथेच सोडून उरलेली सायकल घेऊन जाऊ शकतो. हवा तो उलट्या ‘यू’ आकाराचा जाड पाइप, ज्याला इंग्लंडातल्या शहरावरून शेफील्ड स्टँड म्हणतात. फ्रेम त्याला दोन ठिकाणी टेकते, दोन्ही बाजूंना एकेक सायकल लागते. दोन स्टँडांमध्ये मीटरभर अंतर असलं की हँडलं एकमेकांत अडकत नाहीत.

कुलूप लावण्याआधी स्टँड एकदा गदागदा हलवून पाहावा. एका ठिकाणी मी तसं केलं तर पायाची पट्टी फरशीवरून उचललीच गेली. चारपैकी दोन बोल्ट गायब होते आणि उरलेले दोन साध्या पान्याने सुटतील असे. तिथे कितीही भारी कुलूप लावलं असतं तरी काय उपयोग? स्टँड काँक्रीटमध्ये गाडलेला असावा, नाहीतर बोल्टची डोकी वेल्ड केलेली असावीत.

मी छोटं यू-लॉक वापरतो आणि ते मागच्या चाकातून, फ्रेमच्या मागच्या त्रिकोणाच्या (सीटपासून मागच्या चाकाच्या आसापर्यंतच्या नळ्यांच्या) आत घालून स्टँडला लावतो. शेल्डन ब्राउन या अमेरिकन सायकल-जाणकारामुळे ही पद्धत बरीच पसरली. मागचं चाक त्या त्रिकोणातून ओढून काढता येत नाही, त्यामुळे एकाच कुलपात फ्रेम आणि चाक दोन्ही अडकतात. पुढच्या चाकाला वेगळी केबल.

चोरीचं म्हणाल, तर लोखंड कापायच्या ग्राइंडरपुढे कुठलंच कुलूप फार वेळ टिकत नाही, दारापाशी काय आणि तळघरात काय. फरक एवढाच वाटतो की दारापाशी ठिणग्या आणि आवाज शंभर माणसांसमोर होतात. तळघरात माझ्या कोपऱ्यात दहा-दहा मिनिटं कोणी फिरकत नसे आणि गार्डची नजर मुख्यतः गाड्यांच्या पावत्यांवर असे. कॅमेऱ्यात नंतर चोर दिसेल, पण तो हात धरायला येणार नाही. हा माझा अनुभव आहे, हिशेब मांडून काढलेला निष्कर्ष नव्हे. पण दारापाशी लावलेली माझी सायकल आजवर जिथल्या तिथे मिळाली आहे. पावसासाठी सीटवर प्लास्टिकची पिशवी चढवतो आणि चेनला जरा लवकर तेल देतो.

तरी दोन प्रसंगी मी अजूनही तळघरात जाईन. एक, सिनेमा आणि जेवण मिळून चार-पाच तास थांबायचं असेल आणि परतताना सामान नसेल तेव्हा. दुसरं, अंधार पडल्यावर दारापुढचा भाग सामसूम होत असेल तेव्हा. ई-सायकलवाल्यांचं गणितही थोडं निराळं आहे. सायकल महाग असल्यामुळे गार्डजवळची जागा हवीशी वाटते आणि मोटरच्या जोरावर चढही सोपा जातो. पण ती वीस-पंचवीस किलोची असते. तळघरात दुमजली रॅक असेल तर वरच्या कप्प्याच्या नादी लागू नका, खालचा रिकामा असेल तरच लावा.

बाकी नेहमीच्या खरेदीला मी दारापाशीच लावतो. बाहेर आलो की दहा पावलांवर सायकल, पिशव्या अडकवायच्या, कुलूप काढायचं आणि सपाट रस्त्यावरून निघायचं.