याहू की गूगल? बर्डीवरच्या कॅफेतून बघितलेलं

2003 च्या आसपास नागपूरच्या बर्डीवर एका सायबर कॅफेत जायचो आम्ही, प्लायवूडचे केबिन, कीबोर्डवरची अक्षरं घासून गेलेली, अन तासाचे पैसे चालू. कॅफेची लाइन एवढी स्लो की याहूसारखं भरगच्च पान, बातम्या, मेल, जाहिराती, उतरता उतरता चहा पिऊन व्हायचा. गूगलवर नुसता एक डब्बा. लगेच यायचा.

तसं याहू सिनियर, 1994 मध्ये स्टॅनफर्डच्या जेरी यांग अन डेव्हिड फिलोनं सुरू केलेलं, माणसं बसून साइट विषयवार लावायची. इंटरनेट फुगलं तशी ही पद्धत दमली ना बे. गूगल 1998 चं, ते काढणारे लॅरी पेज अन सर्गेई ब्रिन पण स्टॅनफर्डचेच, पण यांचं गणित वेगळं, कोणत्या पानाला कोण लिंक देतं अन देणारा स्वतः किती वजनदार त्यावरून नंबर. गंमत म्हणजे 2000 ते 2004 याहूच्या सर्चमागे गूगलच होतं, म्हणजे दुकान याहूचं, माल गूगलचा, अन गिऱ्हाईक हळूहळू थेट मालवाल्याकडे!

गूगलचा पैशाचा खेळ तर अजून भारी. शोधलेल्या शब्दाला जुळणारी छोटी जाहिरात, क्लिक झाली तरच पैसे. 2002 मध्ये गूगलची कमाई साधारण 44 कोटी डॉलर, 2004 मध्ये 319 कोटी.

चॅटिंगला मात्र याहू मेसेंजरच, अर्धं धरमपेठ तिथं पडीक असायचं. सर्चसाठी माझं मत गूगललाच, पण मेल आयडी अजून याहूचाच आहे, बँकेत तोच दिलाय, कोण बदलत बसेल.