सिंगल ओनर, चेन्नई पासिंग आणि पाण्यात बसलेली ऑडी टीटी

जुन्या ऑडी टीटीला आपल्याकडे बाजारभाव असा नाहीच. स्विफ्ट किंवा होंडा सिटी घ्यायची तर पन्नास गाड्या समोर असतात. वर्ष आणि रनिंग बघितलं की आकडा कळतो. ही दोन दारांची कूपे मुळात थोडी विकली गेली, त्यातली विकायला निघते एखाद-दुसरी. त्यामुळे विकणारा सांगेल ती किंमत, आणि सांगेल तोच इतिहास. मला ज्याने गंडवलं त्याचा सगळा धंदा यावर उभा आहे. विशेष म्हणजे त्याने दाखवलेला एकही कागद बनावट नव्हता. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

गाडी २०१२ ची, दोन लिटर टर्बो पेट्रोल, क्वाट्रो (म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी), तमिळनाडू पासिंग. डीलर नवी मुंबईचा. मागणी साडेतेरा लाखांची होती, सौदा पावणेबारा लाखांना ठरला. त्याच सुमारास बंगळूरला तशीच एक टीटी सतरा लाखांना होती. तिच्या मालकाने बिलांचा जाडजूड गठ्ठा फोटो काढून पाठवला होता. इथे गठ्ठा नव्हता, पण डीलरची जीभ होती. "सर, डॉक्टरची गाडी आहे. फर्स्ट ओनर, आरसीवर बघून घ्या. फक्त रविवारी बाहेर काढायचे. अडतीस हजार रनिंग. एनओसी प्रोसेसमध्ये आहे, पंधरा दिवसांत हातात." एनओसी म्हणजे गाडी दुसऱ्या राज्यात नोंदवायला लागणारा मूळ आरटीओचा ना-हरकत दाखला. आरसी पाहिली. मालक खरोखरच पहिला. बोजा नाही. विमा चालू. एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकला, तिथेही सगळं जुळलं. आमच्या ओळखीच्या एका शोरूमवाल्याने आतून-बाहेरून बघून "रंग ओरिजिनल आहे, ठोकलेली नाही" असं सांगितलं. तेही खरंच निघालं. ही गाडी कधीच कुणी ठोकली नव्हती.

टीटीच्या दारांना वरची चौकट नसते. हँडल ओढलं की काच जराशी खाली सरकते आणि दार लागल्यावर पुन्हा वर जाऊन रबरात बसते. कोल्हापुरात जूनचा पाऊस सुरू झाला तशी ड्रायव्हरच्या बाजूची काच खाली सरकायची बंद झाली. दार लावलं की काच रबरावर आपटायची. मग मागच्या स्पॉयलरचा दिवा लागून राहिला. हा स्पॉयलर वेगात आपोआप वर येतो, आमचा उभ्या गाडीत वर-खाली व्हायला लागला. डीलरला फोन केला तर म्हणाला, "जर्मन गाडी आहे सर, सेन्सरचे लाड करावे लागतात." लाड केले. दाराचं कुलूप बदललं, बॅटरी बदलली. पुढे कागलजवळ हायवेवर गिअरबॉक्स तिसऱ्यात अडकला आणि गाडी टो करून आणावी लागली.

ती गेली उद्यमनगरात, एका जुन्या मिस्त्रींकडे. मी त्यांना मामा म्हणतो. ऑडी त्यांनी फार हाताळलेल्या नाहीत, पण ऑगस्ट २०१९ च्या पुरानंतर पंचगंगेच्या पाण्यातून निघालेल्या गाड्या त्यांनी इतक्या खोलल्यात की त्या बाबतीत त्यांच्यापुढे कंपनीचा इंजिनिअरसुद्धा गप्प बसेल. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. ड्रायव्हरचा सीटबेल्ट धरला आणि रीळ संपेपर्यंत ओढला. रोज बाहेर येतो तेवढा पट्टा कोरा करकरीत, आणि अगदी शेवटच्या हातभर भागावर आडवी पिवळट रेघ, त्याखाली सगळा पट्टा मातकट. "ही पाण्यात बसल्याली गाडी हाय," मामा म्हणाले. "एवढी रेघ उठाय दोन दिस तरी आत हुती. कुठनं आणलीसा?"

मग सीट काढल्या. रुळांचे बोल्ट वरून रंगवलेले, खालून गंजून फुगलेले. गालिचा नवा टाकलेला, त्याखालच्या स्पंजातून वाळलेली बारीक माती झडत होती. कनेक्टर उघडले तर आतल्या पिना हिरव्या पडलेल्या. माती धुऊन निघते, पण तांब्याची ही हिरवी बुरशी वर्षानुवर्षं आत चालत राहते आणि दर पावसाळ्यात एकेक वायर खाते. काच, स्पॉयलर, गिअरबॉक्स हे तीन वेगळे बिघाड नव्हतेच. मामांनी अजून एक गोष्ट दाखवली, ती ऐकून मात्र पोटात गोळा आला. इग्निशन दिलं की मीटरमध्ये एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझायला हवा. आमचा लागतच नव्हता. दिवा लागून राहत होता म्हणून कुणीतरी तो कायमचा गप्प केला होता, आणि त्या गाडीत माझी मुलगी पुढच्या सीटवर बसत होती.

रनिंगचा खोटेपणा स्कॅनरने पकडला. मीटर मागे फिरवणाऱ्याला डॅशबोर्डवरचा आकडा बदलता येतो, पण या गाड्यांमध्ये बिघाडाचा कोड साठवला जातो तेव्हा त्या क्षणीचे किलोमीटरही त्याच्यासोबत नोंदले जातात. गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटमध्ये एक जुना कोड पडून होता. त्यावर किलोमीटर होते ६१ हजारांच्या पुढे. डॅशबोर्ड अजून चाळिशीत होता! जुनी गाडी बघायला जाताना स्कॅनरवाला माणूस सोबत न्या हे सगळेच सांगतात. मी म्हणेन, त्याला कोड पुसू देऊ नका, आधी प्रत्येक कोडमागचे किलोमीटर वाचायला लावा.

उरलेला इतिहास चॅसिस नंबरवरून अधिकृत वर्कशॉपमधून निघाला. नोव्हेंबर २०१५ पर्यंत वेळच्या वेळी सर्व्हिसिंग, रनिंग ४४ हजार. म्हणजे मी घेतली तेव्हाच्या मीटरपेक्षा जास्त. मग डिसेंबर २०१५ ची एक नोंद: पाण्यातून टो करून आणली, दुरुस्तीचा अंदाज दिला, काम केलं नाही. त्यानंतर कोरं. १ आणि २ डिसेंबर २०१५ ला चेन्नईत अड्यार नदी पात्राबाहेर आली तेव्हा तळघरातल्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या कितीतरी महागड्या गाड्या छतापर्यंत बुडाल्या होत्या. त्यांतलीच ही एक.

दरम्यान एनओसी काही येत नव्हती. का येत नव्हती ते आमच्या आरटीओतल्या एजंटने एका वाक्यात सांगितलं: "ओटीपी आरसीवाल्याच्या मोबाईलवर जातो, त्यांनाच विचारा की." डीलरने नंबर कधीच दिला नव्हता. ओळखीतून ओळख काढत शेवटी चेन्नईच्या त्या गृहस्थांपर्यंत पोहोचलो. ते डॉक्टर नाहीत, पण सज्जन आहेत. माझं बोलणं ऐकून त्यांनाच धक्का बसला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ती गाडी त्यांनी जानेवारी २०१६ मध्ये विमा कंपनीला देऊन टाकली होती, दाव्याचे पैसे घेतले होते, आणि तेव्हा ट्रान्सफरच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर त्यांच्या तारीख न घालता सह्या घेतल्या होत्या. मधल्या काळात भलत्याच शहरांतली चलानं त्यांच्या नावावर यायची, ती ते चूक समजून सोडून देत होते. ओटीपी द्यायला त्यांनी नकार दिला, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही दिला नसता.

आता हा खेळ नीट समजून घ्या, कारण कूपे असो की एसयूव्ही, तो असाच चालतो. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या घोषित किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. पाण्यात बुडालेली जर्मन गाडी हमखास त्यात बसते. इंजिनात पाणी असताना कुणी चावी फिरवली तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या पॉलिसीत ते नुकसान धरतही नाहीत. विमा कंपनी मालकाला पैसे देते आणि गाडी भंगार म्हणून लिलावात काढते. मोटार वाहन कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे कायमची निकामी झालेली गाडी १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा करायची असते. ती केली नाही तर आरसी जिवंत राहते आणि पहिल्याच मालकाच्या नावावर राहते. लिलावातून उचलणारा, ती धुऊन चालू करणारा, मीटर फिरवणारा, आणि शेवटी विकणारा, यांच्यातल्या एकाचंही नाव कुठे येत नाही. "फर्स्ट ओनर" हे शब्द अक्षरशः खरे होते. तोच सापळा.

विम्याचा कागदही असाच खरा होता, फक्त ती नुसती थर्ड पार्टी पॉलिसी होती (म्हणजे दुसऱ्याचं नुकसान भरून देणारी, आपल्या गाडीचं नाही), चेन्नईच्या गृहस्थांच्या नावाने काढलेली. खंड पडलेला पूर्ण विमा पुन्हा काढायचा तर कंपनी गाडी तपासते; थर्ड पार्टीला तपासणी लागत नाही. जुन्या आणि महागड्या गाडीवर फक्त थर्ड पार्टी विमा दिसला की मागच्या सलग वर्षांच्या पॉलिसी मागा. त्यांवरचा नो क्लेम बोनस बघा. बोनस वाढत वाढत ५० टक्क्यांवर गेलेला असेल तर पाच वर्षं क्लेम नाही. शून्यावर आला असेल तर का आला ते विचारा. "ओनर बदलला म्हणून" हे उत्तर बरोबर असू शकतं, कारण बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. पण मग "सिंगल ओनर" कसा, हा पुढचा प्रश्न तिथेच विचारायचा.

मला त्या व्यवहारातलं सगळ्यात महाग पडलेलं वाक्य डिलिव्हरी नोटवर बारीक अक्षरात होतं: गाडी तपासून, जशी आहे तशी घेतली, विक्री मालक आणि ग्राहक यांच्यातली, आम्ही केवळ मध्यस्थ. टोकन एका खासगी खात्यात, बाकी रक्कम भलत्याच फर्मच्या खात्यात. वकिलाची नोटीस गेल्यावर उत्तर आलं ते हेच, "आम्ही फक्त गाठ घालून दिली." १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकृत व्हावं लागतं, आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिली की २९सी नंबरच्या फॉर्मने तशी नोंद होते. ती नोंद असेल तर डीलरला हात झटकता येत नाहीत. आमच्या पठ्ठ्याकडे ना अधिकृत प्रमाणपत्र होतं ना २९सी. हा एक कागद मागितला असता त्याचा चेहरा कसा झाला असता, याची मला फार उत्सुकता आहे.

पोलीस चौकीत "हे दिवाणी आहे" हे ऐकायला मिळेलच. तरी लेखी अर्ज देऊन पोच घ्या. १ जुलै २०२४ नंतरच्या व्यवहाराला भारतीय न्याय संहितेचं ३१८ वं कलम, आधीच्याला जुनं ४२०. ग्राहक आयोगाचा रस्ता त्याहून सरळ आहे. २०१९ च्या कायद्यामुळे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, ५० लाखांपर्यंतचा व्यवहार जिल्हा आयोगाकडे चालतो, आणि मुदत दोन वर्षांची. नवी मुंबईच्या डीलरला कोल्हापूरच्या तारखांना यावं लागतंय, एवढं समाधान सध्या मिळतंय.

ज्यांना तरीही टीटी, बीएमडब्ल्यूची झेडफोर किंवा तत्सम काही घ्यायचंच आहे (मला अजूनही ती मोह घालते, खोटं कशाला बोलू), त्यांनी स्वस्तातली सोडून बिलं असलेली घ्यावी. गिअरबॉक्सचं तेल ६० हजार किलोमीटरला बदलल्याची पावती, क्वाट्रोच्या मागच्या हॅल्डेक्सच्या (मागच्या चाकांना ताकद पोहोचवणाऱ्या क्लचच्या) तेलाची पावती, टायरवरचे आठवडा आणि वर्ष सांगणारे चार आकडे, सगळं रनिंगशी जुळवून बघा. मीटरचा संच बदललेला वाटला तर तो अधिकृत वर्कशॉपमध्ये इमोबिलायझरला, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेला, जुळवल्याचं बिल मागा. हेडलाईटच्या आत धुकं, गाडीत अत्तराचा उग्र वास, एकाच वेळी सगळे गालिचे नवे, असं दिसलं की चहा पिऊन परत या. आणि १५ वर्षं जवळ आली असतील तर पुनर्नोंदणीचं शुल्क धरून चला. एप्रिल २०२२ पासून साध्या कारला ते ५,००० रुपये आहे, आयात कारला ४०,०००. बंगळूरची ती सतरा लाखांची टीटी पुण्यातल्या एकाने घेतली. तो ती रोज ऑफिसला नेतो म्हणे.

डीलरच्या वकिलाने तीन लाखांवर मिटवायची तयारी दाखवली होती, मी नाही म्हटलं. गाडी मामांच्या शेडमध्ये आहे. चेन्नईचे गृहस्थ आता त्यांच्या विमा कंपनीशी आणि तिथल्या आरटीओशी पत्रव्यवहार करून आरसी रद्द करायच्या मागे लागलेत. ती रद्द झाली की माझ्याकडे कायद्याने फक्त सुटे भाग उरतील, पण ही गाडी पुढे कुणाला फर्स्ट ओनर म्हणून विकताही येणार नाही. त्यांना चॅसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट हवा होता. मामांनी तो काढून दिला, मी काल कुरिअर केला.